खिडकी, गोधडी आणि वण : स्तन काढलेल्या बाईचा फोटो कसा काढावा

फोन येतो तेव्हा बाई बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणासाठी विचारत असते. "आमच्या वहिनींचं ऑपरेशन झालंय, त्यांचा एक फोटो काढायचाय." मग जरा थांबून, "तुम्ही एकट्याच असता ना स्टुडिओत?" या दुसऱ्या प्रश्नावरून मला कळतं की वहिनी म्हणजे फोनवरची बाईच आहे. मी ते बोलून दाखवत नाही. "वहिनींना सांगा, मी एकटीच असते आणि दाराला आतून कडी आहे," एवढंच म्हणते.

मी मिरजेत फोटो काढते. स्टुडिओ वडिलांचा. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. सांगली-कोल्हापूरचे पेशंट तर येतातच, पण जत, अथणी, विजापूरकडूनही येतात आणि उपचार संपेपर्यंत नातेवाइकांकडे नाहीतर लॉजवर राहतात. त्यातल्या बायका पूर्वी आमच्याकडे यायच्या त्या फॉर्मला लावायच्या फोटोपुरत्या. २०११ साली माझ्या आईचा डावा स्तन काढला. तेव्हापासून मी हे फोटो वेगळे शिकत गेले, बरेचसे चुकत. हे लिहितेय ते माझ्यासारख्या छोट्या गावातल्या फोटोग्राफरांसाठी. बहिणीचा, आईचा किंवा स्वतःचा असा फोटो घरीच फोनवर काढायची इच्छा असलेल्या बायकांसाठीही.

पहिली गोष्ट हाराच्या फोटोची. पुष्कळ जणी आल्या आल्या म्हणतात, "एक चांगला फोटो काढून ठेवा, पुढं लागेल." पुढं म्हणजे कशाला, हे दोघींनाही माहीत असतं. "असं काय बोलता काकू" असं म्हणून त्यांना गप्प करू नका. मी आधी तोच फोटो काढते. काठापदराची साडी, कुंकू, समोरून, नीट. काढते आणि बाजूला ठेवते. ते काम उरकलं की खांदे जरा खाली येतात. मग मी विचारते, "आता अजून एक काढू? हा फक्त तुमच्यासाठी." काही जणी नको म्हणतात. नको म्हणजे नको, तिथंच चहा मागवायचा.

कधी काढावा

जखम पूर्ण भरलेली असावी आणि डॉक्टरांनी रोजची कामं करायला सांगितलेली असावीत. शेक, म्हणजे रेडिएशन, चालू असेल तर थांबा. त्या दिवसांत कातडी काळवंडते, हुळहुळी होते, सोलवटते, आणि साडीचा काठ लागला तरी आग होते. टाक्यांचा वण सुरुवातीला लालसर-जांभळा आणि उंच असतो. त्याचा रंग बसायला वर्ष-दीड वर्ष जातं. म्हणून काही जणी वर्षभर थांबतात, काहींना तो ताजा लाल वणच हवा असतो, आणि काहींना केस गेलेले असतानाचा फोटो हवा असतो. किमो संपल्यावर काही महिन्यांनी केस परत येतात, कधी कधी आधी सरळ असलेले कुरळे येतात. "आत्ताच काढू का नंतर?" असं तुम्हाला विचारलं तर उत्तर एकच द्या : दोन्ही वेळा काढू.

ऑपरेशनच्या आधीही काही जणी येतात. तेव्हा हातात चार-पाच दिवस असतात, कधी एकच. अशा वेळी लग्नाची ऑर्डर असली तरी मी अर्धा तास काढते. तो फोटो नंतर काढता येत नाही.

खोली

दाराला आतून कडी हवी आणि ती कडी बाईनं स्वतः लावावी. खोलीत पुरुष मदतनीस नको. नवरा किंवा सासूबाई बरोबर आल्या असतील तर आधी पाच मिनिटं बाईशी एकटीशी बोला आणि तिला विचारा, "ह्यांना आत बोलवू का?" नवऱ्यासमोरही ऑपरेशननंतर कधी कपडे बदलले नाहीत अशा बायका मी पाहिल्यात. आणि नवऱ्यानंच व्रणावर रोज तेल लावून दिलंय अशाही. बाहेरून काहीच ओळखता येत नाही, म्हणून विचारायचं.

आरशावर चादर टाका. हवा असेल तर ती स्वतः काढेल. कपडे अडकवायला खुंटी हवी. सिलिकॉनचा किंवा कापसाचा पॅड ठेवायला स्वच्छ रुमाल घातलेली ताटली हवी, कारण तो जमिनीवर नाहीतर खुर्चीवर ठेवावा लागला तर तिला ते लागतं. पाठ असलेली खुर्ची हवी. पांघरायला जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं ठेवा. माझ्याकडे आजीचं आहे. स्टुडिओतलं सॅटिन, नेट वगैरे मी केव्हाच देऊन टाकलं, ते वणावर टोचतं.

पंखा तिच्या हाताशी असावा. स्तनाच्या कॅन्सरनंतर पुष्कळ जणींना हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या पाच-पाच, दहा-दहा वर्षं घ्याव्या लागतात आणि त्यानं अचानक अंगातून वाफा निघतात, घामानं चेहरा भिजतो. तसं झालं की कॅमेरा खाली ठेवायचा. उलट थंडीत हीटर किंवा तापणारे जुने हॅलोजन दिवे जवळ लावू नका. ऑपरेशननंतर छातीचा आणि दंडाच्या आतल्या बाजूचा भाग पुष्कळदा बधिर राहतो. चटका बसला तरी तिला लवकर कळत नाही.

येताना दोन तास आधी घट्ट ब्रा आणि परकराची नाडी नको, सैल गाऊन घालून या, हे फोनवरच सांगायचं. इलास्टिकचे वळ जायला पाऊण तास लागतो, आणि बाई तेवढा वेळ उघड्यानं बसली तर गारठते.

उजेड

इथं मी जास्त बोलणार आहे, कारण सगळं इथंच ठरतं.

घरातली एखादी गोधडी घ्या. आईनं किंवा आजीनं हातानं शिवलेली, जिच्यावर धावदोऱ्याच्या ओळी आहेत. ती खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगा आणि खिडकीला पाठ करून फोटो काढा. टाके जवळजवळ दिसत नाहीत, नुसते रंगीत तुकडे दिसतात. आता तीच गोधडी खिडकीला लागून असलेल्या भिंतीवर टांगा, म्हणजे उजेड एका बाजूनं, कापडावरून सरपटत येईल. एकेक टाका उठून दिसेल आणि दोन टाक्यांमधला फुगवटाही. मग गोधडी हळूहळू खिडकीकडे वळवा आणि टाके कुठल्या कोनात मवाळ होतात ते बघा. हा सराव आठवडाभर करा, सकाळी, दुपारी आणि आभाळ आलेलं असताना. माणसाच्या अंगावर शिकू नका.

वणाचं तसंच आहे. उजेड समोरून आला तर वण म्हणजे फक्त एक रंगाची रेघ होते. पूर्ण बाजूनं आला तर उंचवटा, खळगा, बरगड्यांवर ताणलेली कातडी, सगळं उठतं. मधल्या तिरक्या कोनात, म्हणजे साधारण पंचेचाळीस अंशांत, वण दिसतो पण चेहऱ्याच्या पुढं पुढं करत नाही. यातलं बरोबर-चूक काही नाही. या तीन उजेडांपैकी कोणता हवा ते मी बाईला गोधडीच दाखवून विचारते. "काकू, टाके असे दिसायला हवेत का असे?" फोटोतला उजेड कुणाला समजत नाही, गोधडी प्रत्येकीला समजते. जतकडच्या एका मावशींनी गोधडीवर हात फिरवून सांगितलं, "मला टाकं दिसाय पायजेत. शिवणाऱ्यानं मेहनत घेतलीया."

खिडकी उत्तरेची मिळाली तर उत्तम, नाहीतर उन्हाच्या खिडकीला पांढरं मांजरपाट लावा. पावसाळ्यातला ढगाळ दिवस या कामाला सगळ्यात चांगला. मी अशा बायकांना शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी दहाच्या सुमारास बोलावते. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. खिडकीचा आणि ट्यूबचा उजेड मिसळला की कातडीवर हिरवट झाक येते आणि वणाचा लाल रंग आजारी दिसतो. भिंत हिरवी किंवा आकाशी असेल, आपल्याकडे असतेच, तर खिडकीसमोरच्या बाजूला पांढरी चादर टांगा, नाहीतर भिंतीचा रंग अंगावर पडतो. सावलीची बाजू उजळायला दोन बाय तीन फुटांचा थर्मोकोल पुरतो. तो दोन फुटांवर ठेवला तर सावली पातळ होते, चार फुटांवर नेला तर गडद राहते.

वरून येणारा उजेड टाळा. हे मी खिद्रापूरला शिकले. मिरजेहून कुरुंदवाडच्या बाजूला, कृष्णेच्या काठी, कोपेश्वराचं शिलाहारांच्या काळातलं देऊळ आहे. त्याच्या स्वर्गमंडपाला अठ्ठेचाळीस खांब आहेत आणि छताला मधोमध मोठं गोल उघडं आहे. त्या गोलाखाली माणूस उभा केला की डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. पण त्याच देवळाच्या बाहेरच्या भिंतींवर तिरकं ऊन येतं तेव्हा दगडातल्या बायकांचं पोट, कंबर, मांड्या जिवंत होतात. त्यातल्या अनेक मूर्ती भंगलेल्या आहेत. मी वर्षातून दोनदा तरी नुसती बघायला जाते.

त्या मूर्तींचे फोटो माझ्या भिंतीवर आहेत. एक शिक्षिका ब्लाउजचे हुक काढता काढता थांबल्या आणि म्हणाल्या, "भंगलेली मूर्ती देव्हाऱ्यात ठेवत नाहीत, माहितीये ना?" मला उत्तर सुचलं नाही. त्या बराच वेळ त्या फोटोंकडे बघत उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी पदर सोडला नाही आणि मी सांगितलंही नाही. फोटो पदरासकट काढला. चांगला आला.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. खोली लहान असते, तेव्हा पन्नासची लेन्स, जागा असेल तर पंच्याऐंशी. लोक एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं भोक मोठं उघडून, काढतात, सगळं धूसर आणि एक डोळा तेवढा स्पष्ट. इथं ते करू नका. डोळाही स्पष्ट हवा आणि वणही, म्हणून भोक लहान, एफ ४ किंवा ५.६. शटर १/१६० सेकंद, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, गरजेप्रमाणे ८०० किंवा १६०० पर्यंत, रंगाचं सेटिंग ऑटोवर न ठेवता डेलाइटवर, आणि रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं स्वतः काही न बदललेली. वणाची ताणलेली कातडी चकाकते, तेव्हा उजळ भाग जळत नाही ना ते बघा. चकाकी फार वाटली तर बाईला खांदा दोन बोटं वळवायला सांगा, पावडर लावू नका. फोनवर काढत असाल तर ब्युटी मोड आणि चेहरा गुळगुळीत करणारं जे काही असेल ते आधी बंद करा. जवळ जाऊन काढण्यापेक्षा मागं सरकून दोन एक्स झूमवर काढा, नाहीतर जवळचा खांदा मोठा आणि दूरचा लहान दिसतो. एका बाजूला स्तन नसताना तो फरक फार जाणवतो.

पदर

पदर तिचा. तो सरकवायला, सारखा करायला, पिन काढायला माझा हात पुढं जात नाही. लग्नाचे फोटो काढून काढून आपल्याला सवय लागलेली असते, नवरीचा पदर आपणच नीट करतो. ऑपरेशननंतर पहिल्या लग्नात मी आईचा पदर असाच ओढून सारखा केला. ती दचकून मागं सरली आणि मग पूर्ण लग्नभर प्रत्येक ग्रुप फोटोत कडेला, कुणाच्या तरी मागं उभी राहिली. तो अल्बम मीच केला, त्यामुळे एकेका पानावर मला ते दिसलं.

पहिले दहा-पंधरा फोटो पूर्ण साडीत काढा. बोलत राहा, मुलांचं, पावसाचं, एसटीचं. मग विचारा, "पदर राहू दे का?" ब्लाउज काढायचा तर तिनं, किती काढायचा ते तिनं. प्रत्येक पायरीला थांबून विचारणं तुम्हाला कंटाळवाणं वाटेल. दवाखान्यात तिला महिनोन् महिने कुणी विचारलेलं नसतं. वर घ्या, खाली घ्या, इकडं वळा, एवढंच ऐकलेलं असतं.

शब्द सांभाळा. "चांगली बाजू" आणि "ऑपरेशनची बाजू" म्हणू नका, डावी-उजवी म्हणा. "छाती पुढं घ्या" हे तर स्टुडिओतलं रोजचं वाक्य, ते विसरा. "किती धीराच्या आहात" हेही नको. धीर आहे की नाही, ते तिला त्या क्षणी ठाऊक नसतं, आणि मग ती फोटोभर धीराचा चेहरा करून बसते. "ताठ बसा" नको. एका बाजूचं वजन गेल्यानं आणि दुखणाऱ्या भागाला जपता जपता पुष्कळ जणींचा एक खांदा पुढं येतो. ताठ बसायला लावलं की मान आखडते. "दोन्ही पावलं जमिनीला टेकवा आणि मोठा श्वास सोडा" म्हणा. श्वास सोडून होता होता शटर दाबा.

हात वर करायला लावू नका. डोक्यामागं हात ही पोझ सुंदर असते, पण काखेतल्या गाठी काढलेल्या असतील किंवा शेक झालेला असेल तर खांदा तेवढा उचलतच नाही, आणि बाई भिडेपोटी दुखत असताना उचलते. त्या हाताला सूज येण्याचा धोका आयुष्यभर राहतो. म्हणून त्या दंडात घट्ट वाकी नको, मनगटात घट्ट बांगड्या चढवू नका, जड वस्तू धरायला देऊ नका. हाताला काम द्या. मी शेवंतीची फुलं आणि दोरा देते. गजरा करताना बाई कॅमेरा विसरते, बोटं छातीसमोर येतात, आणि झाकायचं की दाखवायचं ते तिची बोटं आपोआप ठरवतात. तांदूळ निवडायला दिले तरी चालतात.

आईपण

बाळंतपणाच्या खुणांचे फोटो काढायला हाच उजेड आणि हीच खोली. आपल्याकडे पोटुशीचे फोटो आता सगळ्यांना हवे असतात. १९९१ साली एका अमेरिकन मासिकानं सात महिन्यांच्या गरोदर डेमी मूरला विवस्त्र मुखपृष्ठावर छापलं तेव्हा गहजब झाला होता, आता तालुक्याच्या गावीही डोहाळेजेवणाला धनुष्य-बाण घेऊन शूट होतं. पण बाळंतीण झाल्यावर कुणी फोटोग्राफरला बोलावत नाही. बोलावलं तर बाळाचा फोटो काढायला, आणि आई त्यात फक्त दोन हात असते. मी बाळाच्या ऑर्डरला गेले की आईला विचारते, तुझा काढू? सुटलेलं पोट, पोटावरच्या चंदेरी रेघा, बेंबीखालची काळी रेघ, सिझेरियनचा आडवा वण. रेघा चंदेरी व्हायला काही महिने जातात, ताज्या असताना त्या जांभळट असतात. पूर्ण बाजूच्या उजेडात त्या पाण्यावरच्या लाटांसारख्या दिसतात. बाळंतिणीला कुशीवर झोपवून, पाठीशी लोड देऊन काढा. फ्लॅश नको, बाळ दचकतं. दूध पिऊन झाल्यावरची वीस मिनिटं तुमची, त्यात काय होईल ते.

आता एका बाळाचं सांगते. आईचं वय पस्तीस. एकतिसाव्या वर्षी तिचा डावा स्तन काढलेला. उपचार पुरे झाल्यावर डॉक्टरांना विचारून तिनं मूल होऊ दिलं आणि ती उजवीकडून पाजत होती. एका बाजूचं दूध पुरतं का, हे तिला जो येईल तो विचारत होता. बाळ जितकं ओढतं तितकं दूध येतं आणि पुष्कळदा पुरतं. जुळ्यांच्या आया दोघांना पाजतातच. मी फोटो काढायला गेले ते पाजतानाचे, तिनंच सांगितलं होतं. ते काढले. मग पोट भरल्यावर तिनं बाळ उचललं आणि सवयीनं डाव्या बाजूला, जिथं काहीच नाही, नुसती सपाट छाती आणि आडवा वण, तिथं त्याचं डोकं टेकवलं. बाळ तिथंच झोपलं. "हा हिथंच झोपतो," ती म्हणाली, "हिथं काय अडत न्हाई त्याला. ठोके ऐकू येत असतील." खिडकी उजवीकडे होती, म्हणजे वणावर सावली. मी हलले नाही, तिला वळवलं नाही, थर्मोकोल पायानं थोडा जवळ ओढला आणि काढला. अशा वेळी एकच लक्षात ठेवा : बाळाचा भार तिच्या ऑपरेशनच्या हातावर फार वेळ राहू देऊ नका, कोपराखाली उशी सरकवा.

खोलीत तीच एकटी

काही जणींना फोटो हवा असतो, पण समोर कुणीच नको असतं. आईचं तसंच होतं. ती म्हणाली, "फोटू काढायचाय, पण तू बाहेर जा."

हा मार्ग मी शोधलेला नाही. इंग्लंडच्या जो स्पेन्सला १९८२ साली स्तनाचा कॅन्सर निघाला. ती फोटोग्राफरच होती. तिनं स्वतःच्या अंगाचे आणि उपचारांचे फोटो काढून घेतले आणि ऑपरेशनच्या आधी स्वतःच्या स्तनावर लिहून विचारलं की ही मालमत्ता जो स्पेन्सचीच ना? अमेरिकेत मॅटुश्का नावाच्या कलावतीनं स्तन काढलेल्या बाजूला झगा उघडा ठेवून स्वतःचा फोटो काढला, आणि तो १५ ऑगस्ट १९९३ च्या न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर आला. तोवर असा वण एवढ्या मोठ्या वर्तमानपत्राच्या वाचकांनी घरबसल्या पाहिलेला नव्हता. दोघींनीही चित्र कसं हवं ते स्वतः ठरवलं होतं, आणि मला ते आईच्या दारात उभं असताना आठवलं.

करायचं ते असं. खुर्ची ठेवा आणि जमिनीवर पावलांच्या जागी खडूनं खूण करा. खुर्चीत आधी तुम्ही स्वतः नाहीतर कुणी ओळखीची बाई बसून फोकस पक्का करा आणि ऑटोफोकस बंद करा. अशा वेळी एफ ८ ठेवा, म्हणजे ती चार बोटं पुढं-मागं झाली तरी स्पष्ट येईल. कॅमेरा तिच्या गळ्याच्या उंचीवर, तिपाईवर. हातात रिमोट द्या. तो साडीच्या घडीत लपतो. फोनवर काढायचं तर स्वस्त ब्लूटूथ बटण मिळतं, नाहीतर दहा सेकंदांचा टायमर. दोन-चार फोटो साडीत काढून दाखवायला सांगा, बटण दाबायची भीती जाते. मग बाहेर जा आणि दाराशी उभ्या राहू नका. मी खाली जाऊन दळण आणलं. पन्नास मिनिटांनी वर आले तर आई साडी नेसून, केस विंचरून बसली होती. कार्ड तिनं स्वतः काढून मुठीत ठेवलं होतं.

त्यातले किती तिनं पुसले मला माहीत नाही. मला एकच दाखवला.

नंतरची कामं

फोटो दुरुस्त करताना माझा नियम साधा आहे. जे दोन आठवड्यांनी अंगावर राहणार नाही ते काढायला हरकत नाही : पुटकुळी, डास चावलेला, इलास्टिकचा वळ. जे राहणार आहे ते तसंच ठेवायचं. रंग उजळ करू नका, गव्हाळ अंग गव्हाळच असू दे. काळा-पांढरा केला की वणाचा लाल रंग जातो आणि तो जुना, शांत दिसतो. काहींना तेच हवं असतं, काहींना वाटतं की आपलं दुखणं पुसलं. दोन्ही करून शेजारी ठेवा आणि तिला निवडू द्या.

संमतीचा कागद मराठीत करा, कन्नड बोलणारी असेल तर कुणाकडून तरी वाचून दाखवा. एकच सही घेऊ नका. फोटो काढायला एक, तुमच्याकडे जपायला दुसरी, आणि कुणाला दाखवायला तिसरी, अशा तीन वेगळ्या घ्या. तिसरी सही फोटो बघितल्याशिवाय घेऊच नका, आणि ती कधीही परत घेता येईल असं कागदावर लिहा. कायदा दोन ठिकाणी माहीत हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक तो काढून घेणाराच. आपण अशा बायकांकडून पुष्कळदा पैसे घेत नाही, आणि फुकट काढला की हा नियम लागू पडत नाही. म्हणून पैसे न घेताना तर फोटो तिचाच असं आवर्जून लिहून द्या. दुसरं, भारतीय न्याय संहितेचं कलम ७७. बाईनं असा खाजगी फोटो काढायला हो म्हटलं, पण दुसऱ्यांना दाखवायला नाही, आणि तरी कुणी पसरवला, तर तो गुन्हा आहे. हेही तिला सांगा. तिला आपल्या बाजूनं काय आहे ते कळलं पाहिजे.

काही जणी स्वतःच फेसबुकवर टाकतात. स्तन काढल्यानंतरचे फोटो पूर्वी तिथून काढून टाकले जायचे, त्याविरुद्ध सह्यांची मोहीम झाली आणि २०१३ मध्ये कंपनीनं असे फोटो चालतील असं स्पष्ट केलं. टाकायचं की नाही ते तिनंच ठरवायचं. तुम्ही तुमच्या पानावर टाकू नका, डोकं कापूनही नाही. आपल्या गावात बाई हातावरच्या गोंदणावरून ओळखतात.

जपून ठेवण्याबद्दल. कॅमेऱ्याचं वायफाय बंद, हे काम असलेल्या लॅपटॉपवर नेटवर आपोआप चढवणारं काहीही बंद, फोटो दोन हार्ड डिस्कवर कुलपासकट, नावाऐवजी नंबर. लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी डिस्क काढून घ्या. व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, हातात पेन ड्राइव्ह द्या. आणि तिलाही तिच्या फोनचं विचारा. एका वहिनींनी त्यांचा फोटो फोनमध्ये ठेवला. फोनमधले फोटो आपोआप नेटवरच्या खात्यात चढत होते, घरातल्या टीव्हीला तेच खातं जोडलेलं होतं, आणि संध्याकाळी पाहुणे बसलेले असताना पडद्यावर घरचे फोटो फिरता फिरता तो आला. त्यांनी मला फोन केला तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. चूक माझी होती, मी विचारायला हवं होतं. आता मी पेन ड्राइव्ह देण्याआधी त्यांच्यासमोर बसून फोनची ती सोय बंद करून देते.

छापून मात्र द्याच. फाइल बघायची राहून जाते. मॅट कागद घ्या, चकचकीत नको, त्यावर बोटांचे ठसे उठतात. आकार तिला विचारा, कारण तो कुठं राहणार त्यावर ठरतो. भिंतीवर लावणारी हजारात एखादी. काही जणी पोथीच्या पानांत ठेवतात, त्यांना पोस्टकार्डाएवढा पुरतो. आईनं पाच बाय सात मागितला आणि कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूला, साड्यांच्या कप्प्यासमोर लावला. रोज सकाळी साडी काढायला दार उघडलं की तोंडासमोर. पहिला तिनं चिकटपट्टीनं लावला होता, दोन पावसाळ्यांत कडा पिवळ्या पडून उचलल्या. मी नवा छापून दिला, कागदाचे चार कोपरे चिकटवून त्यात बसवला. आता दिवाळीत कपाट पुसताना ती तो काढते, कोरड्या सुती कापडानं पुसते आणि परत खोचते.